निळा, निळी, निळं : लहान मुलांना रंग-आकार खेळातून कसे शिकवता?

मधुमालती

लेक येत्या पौषात तीन वर्षांची होईल. परवा प्लेग्रुपच्या पालकसभेत हातात एक कागद ठेवला. खाणं-पिणं, शी-शू, मिसळणं सगळीकडे हसरे चेहरे, आणि 'रंग' व 'आकार' यांच्यासमोर 'सराव हवा'. घरी येऊन मी नेमकं नको ते केलं. तिला समोर बसवलं, चेंडू धरला. "हा कोणता रंग?" "निळा." चेंडू लाल. बादली? "निळा." बादली हिरवी. माझी ओढणी? "निळा." पाचव्या वस्तूला तिनं वस्तूकडे बघितलंच नाही, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "आई, तू लागावलीश?"

तिथेच थांबले.

पण त्याच संध्याकाळी वाळलेले कपडे घड्या करताना ती शेजारी बसली होती. तिनं सगळ्या मोज्यांच्या जोड्या लावून दिल्या. बाबाचे काळे आणि गडद निळे मोजे ट्यूबलाइटमध्ये मला नेहमी एकच दिसतात, मी हमखास चुकते. ती चुकली नाही. म्हणजे दिसतंय सगळं, नाव तेवढं येत नाही. की नाव वेगळी गोष्ट आणि दिसणं वेगळी?

घरात चार्ट लावायचा नाहीये. फ्लॅशकार्ड एकदा आणली होती, तिनं ती फ्रीजखाली सरकवली, अजून तिथेच आहेत. तुमच्याकडे काय चालतं ते लिहा.

तीनचाकी

आमच्या चिरंजिवांना सहा महिने अख्खं जग 'पिवळं' होतं. काळी मांजर पिवळी, मी पिवळा, सोसायटीचे वॉचमनकाका पिवळे. मग एके दिवशी आपोआप सुटलं. आता पहिलीत आहे, सगळे रंग येतात, फक्त शाळेचा शर्ट पांढरा असतो हे त्याला पटत नाही.

खेळ म्हणाल तर जिन्यातून उतरताना "आज लाल गाड्या मोजायच्या". पार्किंगमध्ये पोचेपर्यंत कधी तीन, कधी सात. बसमध्येही चालतं, तिथे तर दुसरा इलाजच नसतो.

पाटीपेन्सिल

मधुमालती, मी अठरा वर्षं बालवाडी घेतेय, म्हणून थोडं लांबण लावते.

तुमच्या मोज्यांच्या प्रसंगातच उत्तर आहे. माँटेसोरी पद्धतीत रंगांच्या तीन पेट्या असतात. पहिलीत फक्त लाल, पिवळा, निळा. प्रत्येकाच्या दोन-दोन, अशा सहा पट्ट्या. मूल काय करतं? जोड्या लावतं. नाव कोणी विचारत नाही. दुसरीत अकरा रंगांच्या जोड्या, आणि तिसरीत नऊ रंगांच्या प्रत्येकी सात छटा, गडद ते फिकट ओळीनं मांडायच्या. म्हणजे त्रेसष्ट पट्ट्या. ती पूर्ण मांडणी जमिनीवर बघितली की मोठी माणसंसुद्धा चपला काढून खाली बसतात.

नावाची पाळी येते तेव्हाही ती तीन टप्प्यांनी. ही युक्ती मूळची सेग्यँ या फ्रेंच डॉक्टरांची, एकोणिसाव्या शतकातली. पहिला टप्पा : "हा लाल. हा निळा." बस, सांगून मोकळं व्हायचं. दुसरा : "लाल दे बरं. निळा उशीखाली लपव. लाल आजीच्या मांडीवर ठेव." तिसरा : "हा कोणता?"

आपण सगळे पालक थेट तिसऱ्यापासून सुरू करतो. खरी मजा आणि खरा वेळ दुसऱ्या टप्प्यात आहे. तो पंधरा दिवस चालू दे, महिनाभर चालू दे. तिथे मूल हाताने उत्तर देतं, तोंडाने द्यायचं बंधन नाही. चुकून निळ्याऐवजी लाल आणलं तर "अरे वा, लाल आणलास!" एवढं म्हणायचं. ती दुरुस्तीच असते, फक्त तिला दुरुस्तीचा वास येत नाही.

आणि हो, सुरुवातीला पट्टीत फरक फक्त रंगाचा हवा. लाल चेंडू, हिरवी बादली, निळी ओढणी एकदम दाखवली तर मुलाला कळणार कसं की आपण रंगाबद्दल बोलतोय, चेंडूपणाबद्दल नाही?

वाकडी_मात्रा

पाटीपेन्सिलताईंचा शेवटचा मुद्दा मोलाचा आहे. त्याला मराठीचं एक शेपूट जोडतो.

चेंडू निळा. बादली निळी. फुलपाखरू निळं. मोजे निळे. चपला निळ्या. रंग एकच आणि तोंडातून शब्द पाच. बरं, सगळेच तसे वागतील तर शपथ. हिरवा, पिवळा, काळा, पांढरा, तांबडा, जांभळा बदलतात. लाल, गुलाबी, केशरी, राखाडी मात्र ढिम्म हलत नाहीत. लाल चेंडू, लाल बादली, लाल फूल. अडीच-तीन वर्षांचं मूल हे सगळं कोणी न सांगता सोडवत असतं, आणि आपण त्याच्या कागदावर 'सराव हवा' लिहितो.

माझा अंदाज असा की मराठी घरांतली मुलं "ब्लू बादली" म्हणतात त्यामागे फक्त शाळा नाही. 'ब्लू' कधी बदलत नाही, म्हणून ते सोयीचं पडतं. घरी 'निळी' चालू ठेवा, मूल दोन्ही सांभाळतं.

दुसरं म्हणजे वाक्याची रचना. २०१० मध्ये अमेरिकेत दोन वर्षांच्या मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. त्यात "लाल चेंडू" या घडणीपेक्षा "चेंडू लाल आहे" या घडणीतून मुलं रंग नीट शिकली. वस्तू आधी ओळखीची झाली की तिच्यातलं काय बघायचं ते शोधायला वाव मिळतो. प्रयोग इंग्रजीतला आहे, पण करून बघायला काही पैसे पडत नाहीत. "बादली बघ, हिरवी आहे."

आणि तुमच्या लेकीची बाजू घेतो. प्रत्येक वेळी 'निळा' म्हणाली, 'गोल' किंवा 'भूभू' नाही म्हणाली. 'कोणता रंग' विचारलं की रंगाच्या पिशवीतलाच शब्द काढायचा, हे तिला पक्कं कळलंय. पिशवीतून कोणता काढायचा ते अजून ठरायचंय.

मधुमालती

शब्द पाच! मी आयुष्यभर बोलतेय आणि कधी मोजले नव्हते. धन्यवाद.

खटपट्या

सगळं वाचलं. राग मानू नका, पण आमच्या आईने आम्हाला रंग कधी 'शिकवले' नाहीत. वाड्यात वाढलो, रंग आले. आता तीन वर्षांच्या पोरासाठी फ्रेंच डॉक्टर आणि अमेरिकन प्रयोग. थोडं अति होतंय.

पाटीपेन्सिल

खटपट्या, राग कसला, अर्धं मान्यच आहे. पण वाड्यात तुमच्या हाताला काय काय लागत होतं ते आठवा. चिंचोके, सागरगोटे, गोट्या, काचेच्या बांगड्यांचे तुकडे, दारातली रांगोळी, निवडायला घेतलेलं धान्य. शिकवत कोणी नव्हतं, पण सामान अंगणभर पडलेलं होतं. आता दहाव्या मजल्यावर तेच ताटलीत मांडून द्यावं लागतं, एवढंच.

खटपट्या

बांगड्यांचे तुकडे! मेणबत्तीवर वाकवून एकात एक अडकवून माळ करायचो. ताईच्या माळेत हिरवे जास्त म्हणून भांडण. ठीक आहे, माघार घेतो.

सांजवात

नमस्कार. मी तुमच्या सगळ्यांच्या आजीच्या वयाची, सून टाइप करून देते.

रंग सातच असतात हे कोणी सांगितलं? आमच्याकडे कपाट उघडलं की नात पुढे बसते. ही डाळिंबी, ही आमसुली, ही मोरपंखी, ही चिंतामणी, ही अबोली, ही शेवाळी, ही विटकरी. तिला 'मरून' येत नाही पण 'आमसुली' येतो, कारण आमसूल तिनं चाखलंय आणि तोंड वाकडं केलंय. फळाफुलाचं नाव रंगाला असलं की तो डोक्यात बसतो. पोपटी म्हटलं की पोपट, शेंदरी म्हटलं की मारुती.

आता माझा खेळ. पांढऱ्या फडक्यावर ओल्या हळदीचं बोट उमटवायचं. पिवळं झालं. त्यावर कपड्याचा साबण घासायचा. लालभडक होतं. नातीनं तो डाग पहिल्यांदा बघितला तेव्हा बोट मागे घेतलं आणि म्हणाली, "आजी, त्याला लागलं." पूर्वी कुंकू हळदीत चुना घालूनच करायचे, तीच गंमत. चुना मात्र पोरांच्या हाती देऊ नका, कातडी पोळते. साबण पुरे. मग फडकं लिंबाने पुसलं की परत पिवळं. गोकर्णीची निळी फुलं गरम पाण्यात टाकून वर लिंबू पिळलं तर निळ्याचं जांभळं होतं, तेही दाखवा.

आकारांसाठी कणीक. पोळ्या लाटताना एक गोळी पोरीला. गोळीची वळकटी, वळकटीची बांगडी, बांगडी दाबली की चकती. दिवाळीत शंकरपाळे कापायला कातण तिच्या हातात. करंजी मुरडायच्या आधी पुरी गोल, दुमडली की अर्धा चांदोबा. मागच्या दिवाळीत तिच्या शंकरपाळ्यांना तीन कोन, पाच कोन, काहींना कोनच नाहीत. तळल्यावर सगळे सारखेच लागतात.

मधुमालती

आजी, "त्याला लागलं" वाचून डोळे भरले. आज रात्रीच करते.

आकारांवर एक अडचण. प्लेग्रुपमध्ये दार दाखवून विचारलं तर ती 'चौकोन' म्हणाली. बाई म्हणाल्या नाही, ते स्क्वेअर नाही, रेक्टँगल. पण चौकोन म्हणजे स्क्वेअर थोडाच?

पाटीपेन्सिल

तुमची लेक बरोबर. चार कोन तो चौकोन, दार चौकोनच आहे. चारही बाजू सारख्या आणि कोन काटकोनी असले तर चौरस, दाराचा तो आयत. मराठीत ही उतरंड शब्दातच आहे. तीन कोन, चार कोन, पाच कोन, मूल बोटाने कोपरे मोजून नाव स्वतः तयार करू शकतं. माझ्या वर्गात एकाने वर्तुळाला 'बिनकोन' म्हटलं होतं.

उलट आपल्या 'गोल'ची पंचाईत आहे. चेंडू गोल, बांगडी गोल, ताटली गोल, लाटणंही गोल! हे शब्दांनी सोडवायला जाऊ नका, उतारावर सोडवा. पाट तिरका लावायचा आणि एकेक सोडायचं. चेंडू कुठेही पळतो. बांगडी उभी ठेवली तर पळते, आडवी ठेवली तर घसरते. लाटणं सरळ जातं, वळत नाही. काड्यापेटी ढकलल्याशिवाय हलत नाही. असं दहा मिनिटं चाललं की मूल तीन प्रकारचे गोल वेगळे करतं, नावं नसली तरी.

आणखी एक, हे मी दरवर्षी बघते. पुठ्ठ्याचा त्रिकोण टोक वर करून दाखवला की सगळे 'त्रिकोण' ओरडतात. तोच टोक खाली केला की निम्मी मुलं गप्प. एक पोरगी म्हणाली, "तो पडला." लांबुळका, कलता त्रिकोण तर त्यांना त्रिकोण वाटतच नाही. दोष मुलांचा नाही. पुस्तकात, चार्टवर, लाकडी कोड्यात त्रिकोण कायम एकाच ढबीत बसलेला असतो. म्हणून आकार हातात द्या, फिरवू द्या. समोसा कुठल्याही बाजूने धरला तरी समोसाच.

डोंगरपाडा

मी पालघर जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे. पहिल्यांदाच लिहिते, चूकभूल माफ.

आमच्या पाड्यावरच्या मुलांना आकार आम्ही काय शिकवणार, ती भिंतीवरच बघून वाढतात. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा. गोल म्हणजे सूर्य-चंद्र, त्रिकोण म्हणजे डोंगर आणि झाड, चौकोन म्हणजे लग्नाचा चौक. माणूस काढायचा तर दोन त्रिकोण टोकाला टोक लावून. चार वर्षांची पोर काठीने अंगणात काढते. एक टोक खाली, एक टोक वर. पाटीपेन्सिल बाई, तुमचा 'पडलेला' त्रिकोण आमच्याकडे माणसाची छाती आहे, म्हणून अडत नाही.

रंग म्हणाल तर गुरांवरून. तांबडी, काळी, बांडी. बांडी म्हणजे दोन रंगांची. तिच्याबद्दल 'कोणता रंग' विचारलं तर पोरं एक रंग सांगत नाहीत, "बांडी" सांगतात. तपासणीला आलेल्या मॅडमना ते उत्तर चुकीचं वाटलं होतं.

आमच्याच भागात बोर्डीला १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ तेव्हापासून त्यांच्याबरोबर, पुढे ते कोसबाडला गेलं. मुलं शाळेत येत नाहीत तर अंगणातच बालवाडी भरवली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा नेली. महागड्या साहित्याऐवजी बिया, शिंपले, दगड, पानं वापरली. अंगणवाडीची सरकारी योजना आली ती १९७५ मध्ये. मला प्रशिक्षणात हे सांगितलं तेव्हा वाटलं, मग आपल्याकडे खेळणी कमी आहेत म्हणून रडायचं कशाला. पावसाळ्यात आम्ही पानं गोळा करतो. नुसत्या हिरव्याच्या अकरा ढिगाऱ्या झाल्या होत्या एकदा. मदतनीस म्हणाली, आता यांना नावं काय द्यायची? नावं दिलीच नाहीत.

वाकडी_मात्रा

'बांडी' हे उत्तर चुकीचं ठरवणाऱ्याला माझ्यातर्फे साष्टांग नमस्कार. धाग्यावरची आतापर्यंतची सर्वोत्तम पोस्ट, ताई. लिहीत राहा.

थुरिंगियाकर

+१. मी जर्मनीत राहतो, जिथून बालशिक्षणवाल्या फ्रोबेलचं गाव बाड ब्लांकेनबुर्ग जवळ आहे. 'किंडरगार्टन' हे नाव त्यानं १८४० मध्ये तिथेच दिलं. त्याच्या खेळण्यांना तो 'भेटी' म्हणायचा. पहिली भेट म्हणजे दोरीला बांधलेले लोकरीचे सहा चेंडू, सहा रंगांचे. आईने पुण्याहून विणून पाठवले. एकाच मापाचे सहा, फरक फक्त रंगाचा, म्हणजे पाटीपेन्सिलताई म्हणतात तेच.

दुसरी भेट लाकडी गोळा, घन आणि नळकांडं. घनाला दोरी बांधून पीळ द्यायचा आणि सोडायचा. गरगर फिरताना कोपरे दिसेनासे होतात आणि घनाचं नळकांडं दिसायला लागतं. थांबला की परत घन. माझा मुलगा चाळीस मिनिटं तेच करत बसला होता. मी पण.

अवांतर : जर्मनमध्येही चेंडूचा 'निळा' आणि पिशवीचा 'निळा' वेगळा लागतो. त्यामुळे पोरगं दोन्हीकडून भरडतंय, पण तक्रार नाही.

तीनचाकी

आमच्याकडे कडधान्यं मिसळून वेगळी करायचा खेळ हिट होता. मूग हिरवे, चवळी पांढरी, राजमा लाल, काळे वाटाणे. मफिन ट्रेमध्ये कप्पे मस्त होतात.

रात्रपाळी

तीनचाकी, इथे थांबवते. हाच खेळ, मुलगा अडीच वर्षांचा, मी फोन घ्यायला उठले. परत आले तर चवळीचा एक दाणा कमी आणि हा नाक चोळतोय. मी शहाणपणा करून हेअरपिनने काढायला गेले, तो आणखी आत गेला. रात्री अकराला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. त्यांनी चिमट्याने काढला आणि मला शांतपणे झापलं. धान्य ओलसर जागी फुगतं, घरी कोरू नका, सरळ या. श्वासनलिकेत गेलं असतं तर वेगळीच रात्र झाली असती.

तीनच्या आतल्या मुलांना दाणे, मणी, बटणं नकोतच. आम्ही नंतर बाटल्यांची मोठी झाकणं, लिंबं, बटाटे, कांदे घेतले. आवाज करणाऱ्या खेळण्यांतल्या बटण-बॅटऱ्या आणि छोटी लोहचुंबकंही लांब ठेवा. ती गिळली तर थांबून बघायचं नसतं, तडक हॉस्पिटल.

तीनचाकी

बाप रे. आम्ही नशिबाने वाचलो म्हणायचं. सल्ला मागे. बटाटे-कांदे.

पारवा

इतके दिवस नुसता वाचतोय. एक बाजू राहिली म्हणून लिहितो.

मला लाल-हिरवा नीट वेगळा करता येत नाही. शाळेत चित्रकलेला झाडाचं खोड हिरवं आणि पानं चॉकलेटी रंगवली म्हणून वर्गासमोर उभं केलं होतं. मी मस्ती करतोय असं सगळ्यांना वाटलं. कळलं कधी, तर नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत, एकविसाव्या वर्षी. ठिपक्यांच्या वर्तुळात सगळ्यांना आकडा दिसत होता, मला ठिपके. तोपर्यंत मी खडूवरची नावं वाचून रंग निवडत होतो. टोमॅटो अजूनही दाबून घेतो. जास्वंदीच्या झाडावरची फुलं मला जवळ गेल्यावर, आकारावरून दिसतात.

हा दोष मुलग्यांत जास्त, आणि बहुतेकदा आईकडून येतो. आईला स्वतःला काही नसतं, पण तिच्या वडिलांना असू शकतो. आजोबांकडून नातवाकडे, मधली पिढी कोरी.

मधुमालती, तुमच्या मुलीची काळजी करू नका. काळे-निळे मोजे तिनं तुमच्यापेक्षा बरे लावले, आणि अडतंय ते नावाशी. पण ज्यांचा मुलगा चार-साडेचारचा झाला, बाकी सगळं पटापट शिकतोय, आणि नाव न विचारता नुसत्या जोड्या लावतानाही हिरवा-तपकिरी किंवा लाल-हिरवा मिसळतोय, त्यांनी ओरडायच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. वाचता न येणाऱ्या मुलांसाठी त्या ठिपक्यांच्या पुस्तकात आकड्यांऐवजी बोटाने गिरवायच्या वाटा असतात. इलाज नाही, पण वर्गासमोर उभं राहणं टळतं.

पाटीपेन्सिल

पारवा, अठरा वर्षांत मी किती पारवे दामटले असतील कुणास ठाऊक. उद्यापासून 'खोड हिरवं' दिसलं की जोड्या लावायला देईन.

मधुमालती

धागा वर काढतेय, तीन आठवडे झाले.

चेंडू धरून विचारणं बंद. मोजे रोजचं काम तिच्याकडे. भाजीच्या पिशवीतून "लाल दे, हिरवं दे" चालू आहे. पहिल्या आठवड्यात प्रत्येक वेळी बटाटाच आला, आता टोमॅटो येतो. हळदीच्या फडक्याला रोज 'लागतं' आणि रोज लिंबाने बरं होतं. घरात लिंबं उरत नाहीत. पाट तिरका लावून लाटणं सोडलं, ते थेट सोफ्याखाली. काढायला वाकले तर फ्रीजखालची फ्लॅशकार्डंही दिसली, तशीच राहू दिली.

काल आंघोळीच्या वेळी बाथरूममधून हाक आली. "आई, ती लाली बादली दे."

लाली! वाकडी_मात्रा, तुमची आठवण झाली. दुरुस्त केलं नाही. बादली दिली. लालच होती.